बर्फ, वाळू आणि एक विद्यार्थी : ह्युएन त्संगाची वाटचाल

(द्वितीय वर्ष कला, इतिहास)

ह्युएन त्संग हे नाव आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेच्या पुस्तकात वाचलेले आहे. हर्षवर्धनाच्या काळात भारतात आलेला चिनी प्रवासी, नालंदा विद्यापीठाचा विद्यार्थी, महाराष्ट्रातील लोकांचे वर्णन करणारा भिक्षू, एवढे लिहिले की परीक्षेतील टीप पूर्ण होते. चिनी उच्चाराला अधिक जवळचे असे त्याचे नाव श्वानत्सांग. पण आपल्याकडे ह्युएन त्संग हेच रूढ झाले आहे, तेव्हा येथेही तेच वापरते.

या टिपेत एक गोष्ट कधीच येत नाही. चीन आणि भारत यांच्यामध्ये जगातील सर्वांत उंच पर्वत आहेत आणि सर्वांत कोरड्या वाळवंटांपैकी काही वाळवंटे आहेत. मग हा माणूस आला कसा? त्याची वाट कोणी ठरवली? राजांनी की व्यापाऱ्यांनी? त्याचे चरित्र वाचताना वाटते की त्याच्या आयुष्यातील बहुतेक मोठी वळणे हवामानाने ठरवली. थंडीने त्याला बाहेर काढले, बर्फाने थांबवले, नदीने लुटले आणि अखेर थंडीच त्याच्या हाडांत राहिली. तरी तो चालत राहिला. ती कथा येथे थोडक्यात सांगण्याचा प्रयत्न आहे.

ह्युएन त्संगाचा जन्म इ. स. ६०२ च्या सुमारास चीनमधील लोयांग नगराजवळ झाला. चार भावांत तो सर्वांत धाकटा. घराणे विद्वानांचे होते. थोरल्यांपैकी एक भाऊ भिक्षू झाला होता आणि त्याच्या मागोमाग हाही तेराव्या वर्षी विहारात दाखल झाला. पुढे सुई घराण्याची सत्ता कोसळली, देशात बंडाळी माजली आणि ६१८ च्या सुमारास दोघे भाऊ निर्वासितांसारखे चेंगदू नगरात गेले. तेथे ६२२ मध्ये त्याने पूर्ण दीक्षा घेतली. पुढे तो तांग घराण्याच्या राजधानीत, चांगआन येथे, म्हणजे आजच्या शिआनमध्ये आला. गुरू अनेक मिळाले, ग्रंथही मिळाले. पण एका ग्रंथाची दोन भाषांतरे एकमेकांशी जुळत नव्हती आणि एका आचार्याचे मत दुसऱ्याला मान्य नव्हते. मूळ संस्कृत ग्रंथ पाहिल्याशिवाय हा घोळ सुटणार नाही, अशी त्याची खात्री झाली. मूळ ग्रंथ भारतात होते.

त्याने बाहेर जाण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. तांग घराणे नुकतेच स्थिर होत होते, पश्चिम सीमेवर तुर्कांची भीती होती आणि सामान्य प्रजेला सीमा ओलांडण्यास बंदी होती. दरवाजा बंद! तो उघडला हवामानाने. एका जुन्या चरित्रानुसार ६२९ साली (काही अभ्यासकांच्या मते ६२७ मध्ये) राजधानीच्या परिसरात अकाली हिमतुषार पडले आणि उभी पिके गेली. उपासमार होऊ नये म्हणून लोकांना जेथे अन्न मिळेल तेथे जाण्याची मोकळीक देण्यात आली. पोटासाठी निघालेल्या त्या गर्दीत सुमारे सत्तावीस वर्षांचा हा विद्यार्थीही निघाला. लोक अन्नाकडे चालले होते, हा ग्रंथांकडे चालला होता.

हे वाचताना मला आमच्या घरातील १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आठवल्या. त्या वर्षी आमच्या भागातील माणसे खडी फोडायला गेली, काही मुंबईला गेली, काही परत आलीच नाहीत. आजी ते सांगते तेव्हा तिच्या बोलण्यात पाऊस हा एखाद्या माणसासारखा येतो. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच, आणि त्या दुष्काळात गाव सोडलेल्या एका काकांच्या शहरातील खोलीमुळेच मला येथे राहता आले. दुष्काळ माणसाला उठवतो हे खरे. पण उठलेली माणसे कोठे पोचतात हे कोणी आधी सांगू शकत नाही. असो.

चीनमधून पश्चिमेकडे जाणारा हा मार्ग म्हणजेच पुढे रेशीम मार्ग म्हणून प्रसिद्ध झालेला मार्ग. हे नाव मात्र फार उशिराचे. जर्मन भूगोलज्ञ रिश्टहोफेन याने १८७७ मध्ये ते रूढ केले. वस्तुतः तो एक रस्ता नव्हता, अनेक वाटांचे जाळे होते, आणि या वाटा पाण्याने आखल्या होत्या. तकलामकान वाळवंटाच्या दक्षिणेस कुनलुन, पश्चिमेस पामीर आणि उत्तरेस तियानशान असे पर्वत आहेत. समुद्रावरून येणारे बाष्प या भिंती अडवतात, त्यामुळे आत पाऊस जवळजवळ पडतच नाही. पण तेच पर्वत हिवाळ्यात बर्फ साठवतात आणि उन्हाळ्यात ते वितळून नद्यांच्या रूपाने पायथ्याशी उतरते. नदी वाळूत जिरून जाण्यापूर्वी जेवढी जमीन भिजवते, तेवढ्यात गाव वसते. उत्तरेकडे तुर्फान, काराशहर, कुचा. दक्षिणेकडे खोतान, यारकंद. आणि दोन्ही वाटा जेथे मिळतात तेथे काशगर. नकाशावर ही नावे पाहिली तर वाळवंटाच्या कडेने मण्यांच्या दोन माळा घातल्यासारख्या दिसतात. व्यापारी वाळवंटाच्या मधून गेले नाहीत, कडेकडेने गेले. कारण पाणी कडेला होते.

ह्युएन त्संगाला मात्र या माळेतील पहिल्या मण्यापर्यंत पोचतानाच मरण दिसले. सीमेवर पाच टेहळणी बुरूज होते आणि पाणी त्या बुरुजांपाशीच होते. म्हणजे ज्याला लपून जायचे त्याला पाणी नाही, आणि ज्याला पाणी हवे त्याने पहारेकऱ्यांच्या हाती सापडायचे. पहिल्या बुरुजापाशी तो रात्री पाणी भरत असता बाण आले. सुदैवाने तेथील अधिकारी बौद्ध धर्माविषयी आदर असलेला निघाला आणि त्याने पुढची वाट सांगितली. सोबत घेतलेल्या वाटाड्याने तर आधीच एका रात्री सुरी उपसून मग साथ सोडली होती. आता बरोबर होता तो एक म्हातारा, हडकुळा, तांबडा घोडा. अनेक वेळा ही वाट तुडवलेला म्हणून एका वृद्ध माणसाकडून तो बदलून घेतलेला.

पुढे गाशुन गोबीच्या वाळवंटात पाण्याची पखाल हातातून निसटली आणि सगळे पाणी वाळूत गेले. तो माघारी वळला. थोडे अंतर गेल्यावर त्याला आपली प्रतिज्ञा आठवली, की भारतात पोचल्याखेरीज पूर्वेकडे एक पाऊलही टाकायचे नाही. तो पुन्हा पश्चिमेकडे वळला. चार रात्री आणि पाच दिवस पाण्याचा थेंब मिळाला नाही. पाचव्या रात्री गार वारा सुटला, माणूस आणि घोडा दोघेही उठले, आणि थोडे चालल्यावर घोडा त्याचे न ऐकता एका बाजूला निघाला. तेथे गवत होते आणि पाण्याचे डबके होते. धर्मग्रंथाचे ज्ञान त्याच्याजवळ होते, पण वाळवंटाचे ज्ञान त्या घोड्याजवळ होते! व्यापारी मार्ग टिकले ते अशाच ज्ञानावर, आणि ते ज्ञान कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नव्हते.

तुर्फानचा राजा छू वेनताइ याने त्याचे मोठे स्वागत केले. इतके की त्याला जाऊच देईना. ह्युएन त्संगाने अन्नपाणी सोडले, तेव्हा राजाने माघार घेतली. परतीच्या वेळी तीन वर्षे येथे राहून प्रवचने द्यायची, एवढे वचन मात्र घेतले. मग राजाने जे सामान दिले त्याची यादी पाहण्यासारखी आहे. सोने, चांदीची नाणी, रेशमाचे तागे, तीस घोडे, पंचवीस माणसे, वाटेतील चोवीस राज्यांच्या नावे पत्रे. आणि यांच्याच जोडीला थंडीसाठी तोंडावरची आवरणे, हातमोजे, पायमोजे आणि जोडे. वाळवंटातील राजाला पुढच्या बर्फाची पुरती कल्पना होती. पत्रे राजांसाठी होती. हातमोजे हवामानासाठी होते.

कुचा येथे त्याला साठांहून अधिक दिवस थांबावे लागले, कारण पुढच्या घाटातील बर्फ अजून मोकळे झाले नव्हते. मला हे साठ दिवस फार महत्त्वाचे वाटतात. तेथे थांबणारा तो काही पहिला नव्हता. दरवर्षी शेकडो व्यापारी, भिक्षू, कलावंत असेच घाट उघडण्याची वाट पाहत या गावांत अडकून पडत. नुसते बसून माणूस काय करणार? बोलतो, गातो, शिकतो, वाद घालतो, लग्नही करतो. कुचा हे संगीतासाठी प्रसिद्ध होते आणि तेथील वादक चिनी दरबारात मानले जात. तेथील लिपी भारतीय लिपीवरून घेतलेली होती, अशी नोंद ह्युएन त्संगाने स्वतः केली आहे. संस्कृत ग्रंथांचा थोर चिनी भाषांतरकार कुमारजीव (३४४ ते ४१३) याच गावचा. त्याचे वडील भारतातून आलेले आणि आई कुचाच्या राजघराण्यातील. व्यापाऱ्याने माल पुढे नेला, पण विचार आणि गाणी त्याच्या सक्तीच्या मुक्कामात उतरली. आपण नेहमी म्हणतो की रस्त्यांनी संस्कृती पसरवली. खरे पाहता बंद झालेल्या रस्त्यांचा त्यात तितकाच वाटा आहे.

बर्फ वितळू लागल्यावर तांडा तियानशानच्या घाटात शिरला. सात दिवस लागले. झोपायला कोरडी जागा नाही, भांडे टांगून बर्फावरच शिजवायचे आणि बर्फावरच अंथरूण घालायचे. दहांतील तीन-चार माणसे थंडीने आणि उपासमारीने गेली. बैल आणि घोडे त्याहून जास्त. चरित्रात या मेलेल्या माणसांची नावे नाहीत. ती तुर्फानच्या राजाने दिलेली साधी माणसे होती. ह्युएन त्संगाच्या प्रत्येक ग्रंथात त्यांचाही वाटा आहे, हे विसरून चालणार नाही.

पलीकडे इसिक-कुल सरोवर लागले. कडाक्याच्या थंडीतही ते गोठत नाही, म्हणून त्याला उष्ण सरोवर म्हणत. त्याच्या पुढे पश्चिमी तुर्कांच्या खानाची भेट झाली. तंबूत राहणाऱ्या त्या खानाच्या अंगावर हिरव्या रेशमाचा झगा होता. गवताळ प्रदेशातील घोडे आणि चीनचे रेशीम यांची देवघेव ही या साऱ्या वाटेची आर्थिक नाडी होती. आणि जेथे शेती होत नाही पण गवत होते, तेथेच घोड्यांचे कळप वाढत. पुढे समरकंद, लोहद्वार नावाची खिंड, बाल्ख आणि बामियान. बामियानच्या कड्यातील दोन प्रचंड बुद्धमूर्ती त्याने पाहिल्या. त्या २००१ मध्ये उद्ध्वस्त करण्यात आल्या. चौदाशे वर्षे बर्फ आणि वारा सोसलेल्या मूर्ती माणसांपुढे टिकल्या नाहीत.

हिंदुकुश ओलांडून तो कपिशा येथे आला आणि ६३० चा वर्षावास त्याने तेथे केला. त्या भागात ऐकलेली एक हकिकत त्याने लिहून ठेवली आहे. कनिष्काच्या दरबारी ओलीस म्हणून आलेल्या चिनी राजपुत्रांसाठी ऋतूंप्रमाणे वेगवेगळी निवासस्थाने होती: हिवाळ्यात भारताच्या मैदानात, वसंत आणि शरदात गांधारात, उन्हाळ्यात कपिशाच्या थंडाव्यात. पंजाबातील ज्या ठिकाणी ते हिवाळ्यात राहत त्याला चीनभुक्ती म्हणत. पीच आणि नासपती ही फळे त्यांनीच तेथे आणली आणि म्हणून लोक पीचला चीनानि व नासपतीला चीनराजपुत्र म्हणत, असे तो सांगतो. ऋतूंच्या सोयीसाठी हललेल्या माणसांबरोबर झाडेही हलली!

भारतातील त्याचा प्रवास आपल्याला परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगते. काश्मीरात दोन वर्षे अध्ययन, मग मथुरा, कनौज, प्रयाग, आणि अखेर नालंदा. तेथे वयोवृद्ध आचार्य शीलभद्रांकडे त्याने योगाचार शास्त्राचा अभ्यास केला. सर्व मिळून सुमारे पाच वर्षे तो तेथे होता. नंतर पूर्व किनाऱ्याने तो दक्षिणेत कांचीपर्यंत गेला. सिंहलद्वीपाला जाण्याचा त्याचा बेत होता, परंतु तेथून आलेल्या भिक्षूंनी राजाचा मृत्यू, दुष्काळ आणि अंदाधुंदी यांची बातमी आणली आणि त्याने बेत सोडला. एका ठिकाणच्या दुष्काळाने त्याला प्रवासाला काढले होते, दुसऱ्या ठिकाणच्या दुष्काळाने त्याची वाट फिरवली. आणि ती फिरली ती आपल्याकडे.

६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला. तेव्हा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता आणि त्याने हर्षाला अडवले होते. येथील जमीन सुपीक, हवा उष्ण, माणसे साधी पण मानी, उपकार न विसरणारी आणि अपमानही न विसरणारी, असे वर्णन त्याने केले. शंभराहून अधिक विहार आणि सुमारे पाच हजार भिक्षू येथे असल्याची त्याची नोंद आहे. पूर्वेकडील डोंगरात कोरलेल्या एका मोठ्या विहाराचे आणि त्याच्या दारातील दगडी हत्तींचे वर्णन त्याने केले आहे. तो अजिंठाच असे अभ्यासक मानतात. येथेही हवामानाचा धागा दिसतो. पावसाळ्यात फिरायचे नाही, एका जागी राहायचे, हा वर्षावासाचा नियम मोसमी पावसाच्या देशातच जन्माला येऊ शकतो. सह्याद्रीतील कितीतरी लेणी कोकणातून देशावर येणाऱ्या घाटवाटांच्या आसपास आहेत, हा काही योगायोग नाही. पाऊस भिक्षूंना थांबवी, घाट व्यापाऱ्यांना तेथे आणी, आणि दोघांची गाठ लेण्यांत पडे. कुचामध्ये बर्फाने केले तेच काम सह्याद्रीत पावसाने केले.

६४३ मध्ये हर्षाने भरवलेली प्रयागची दानपरिषद पाहून तो परत निघाला. समुद्रमार्गही त्याला मोकळा होता. त्याच्या आधी दोनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी फाहियान त्याच मार्गाने परतला होता. हर्षाने त्यासाठी माणसे देऊ केली होती. पण तुर्फानच्या राजाला दिलेले वचन आड आले आणि त्याने पुन्हा तीच बर्फाची वाट निवडली. सिंधू ओलांडताना नदीत एकाएकी वादळ उठले, नाव हेलकावली आणि पन्नास पोथ्या व भारतातून नेत असलेली फुलांची बियाणी वाहून गेली. पामीरच्या पठारावर वसंतात आणि उन्हाळ्यातही बर्फ पडत होते. त्यापुढे चोरांच्या गडबडीत हर्षाने दिलेला हत्ती पाण्यात बुडाला. आणि ज्याच्यासाठी हे सारे सोसले तो राजा ६४० मध्येच मरण पावला होता. त्याचे राज्य तांगांनी जिंकले होते. वचन पाळायला माणूस आला, पण वचन घेणारा उरला नव्हता.

मग खोतानच्या दक्षिण वाटेने तो निघाला. तेथे त्याने दोन कथा टिपल्या. एकीत एक राजकन्या आपल्या शिरोभूषणात रेशमाचे किडे आणि तुतीचे बी लपवून खोतानला आणते. दुसरीत नदी एकाएकी आटते आणि ती पुन्हा वाहावी म्हणून एक मंत्री स्वतःला अर्पण करतो. एका कथेत त्या नगराची संपत्ती आहे, दुसरीत त्या नगराची भीती. पुढच्या वाटेवर वाळूत गडप झालेली ओसाड गावे होती आणि खूण म्हणून मेलेल्या जनावरांची हाडे होती. नदी सरकली किंवा आटली की गाव सुटते, आणि गाव सुटले की रस्ताही सरकतो. ऑरेल स्टाइन याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी ह्युएन त्संगाचे पुस्तक हाताशी धरून या वाळूत उत्खनन केले, तेव्हा दंडान-उइलिक येथे त्या रेशमाच्या राजकन्येचे चित्र असलेली एक लाकडी फळी मिळाली. ज्या कोरडेपणाने गाव मारले, त्यानेच चित्र जपले.

६४५ मध्ये ह्युएन त्संग चांगआनला पोचला. वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ होते. चोरून गेलेल्या माणसाचे राजधानीने उत्सवाने स्वागत केले. सम्राट ताइत्सुंगाच्या इच्छेवरून ६४६ मध्ये त्याने आपल्या प्रवासाचा वृत्तांत तयार केला. त्यात १३८ राज्यांची वर्णने आहेत. बहुतेक ठिकाणी क्रम एकच: राज्याचा विस्तार, जमीन कशी, पिके कोणती, हवा कशी, आणि मग माणसे कशी. एका भिक्षूला माती आणि हवा यांची इतकी आस्था का? कारण पायी चालणाऱ्याला त्यांच्यावाचून कोणताही देश समजत नाही.

उरलेली एकोणीस वर्षे त्याने भाषांतरात घालवली. ७५ ग्रंथ, १३३५ खंड. त्यांपैकी अनेकांचे संस्कृत मूळ आज उपलब्ध नाही. ते चिनी भाषेतच वाचायला मिळतात. पण तियानशानच्या बर्फाने त्याचे शरीर सोडले नव्हते. त्या घाटात जडलेला थंडीचा विकार आयुष्यभर उलटत राहिला. ६५६ च्या उन्हाळ्यात तो इतका बळावला की सम्राटाला वैद्य पाठवावे लागले.

६५४ मध्ये त्याने मगधातील भिक्षूंना एक पत्र पाठवले. शीलभद्र गेल्याचे दुःख त्यात आहे, आणि सिंधूत बुडालेल्या पोथ्यांची यादीही आहे. शक्य झाल्यास त्या पुन्हा पाठवाव्यात अशी विनंती आहे. दहा वर्षे झाली होती, घरात सहाशेंवर ग्रंथ होते, तरी पन्नासांची चुटपुट गेली नव्हती. ६६४ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

मित्रहो, हवामान माणसाला घडवते असे भूगोलाच्या तासाला आपण लिहितो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. तोच बर्फ हजारो लोकांच्या वाटेत होता. त्याने वाट कोठून जावी एवढेच ठरवले. त्या वाटेने काय न्यायचे आणि काय आणायचे, हे चालणाऱ्यांनी ठरवले. कोणी रेशीम नेले, कोणी घोडे, कोणी पीचचे झाड. एकाने पोथ्या आणल्या, आणि ज्या आणता आल्या नाहीत त्यांची यादी जपून ठेवली. शिकायला निघालेल्या प्रत्येकाजवळ अशी एक यादी असते. ती जपावी, आणि पुन्हा पत्र लिहावे, एवढे या चरित्राने मला शिकवले.